दोन ठिपक्यांचा पाहुणा

जायपत्री वाळत घातली की ती मगरिबच्या नमाजाआधी आत घ्यावी लागते, नाहीतर दव पडतं आणि तिचा रंग उतरतो. एवढ्याचसाठी रुगाया त्या संध्याकाळी अंगणात उतरली होती. वाइरातू बेटावर त्या वेळी अंगणा-अंगणात अशीच कोणी ना कोणी बाई वाकलेली असते. चटईची टोकं उचलायची, लाल जायपत्री मधे गोळा करायची, सुपात भरायची आणि घरात न्यायची. डोळे मिटून करता येणारं काम.

तिचं मन मात्र कामात नव्हतं. तिचा नवरा तालिब कुपा मासे धरायला होडी घेऊन एकटाच बाहेर गेला होता, तो परतला नव्हता. त्याच दिवशी निघालेल्या बाकीच्या होड्या कधीच किनाऱ्याला लागल्या होत्या. त्यांचे मासे विकून झाले, खाऊन झाले, उरल्या काट्यांवरून मांजरांची भांडणंही होऊन गेली. शोधायला गेलेली माणसं परत आली, पण तिच्या दारावरून न जाता सगळी मागच्या वाटेने आपापल्या घरी गेली. माणसं मागच्या वाटेने जाऊ लागली की काय समजायचं ते बाईला बरोबर समजतं.

सूप उचलताना जायपत्रीतून पतंगासारखं एक पाखरू तिच्या हातावर चढलं. तिने बोटाच्या टोकाने ते हलकेच बाजूला सारलं आणि ती आत आली. पाखरूही तिच्या मागोमाग आत आलं. दिव्याभोवती एक फेरी मारून दाराशेजारच्या कोपऱ्यात, भिंत आणि खांब जिथे मिळतात तिथे, अंग चोरून बसलं.

हे पाखरू आपल्या बेटाशिवाय जगात कुठेच होत नाही, असं वाइरातूचे लोक छाती पुढे काढून सांगतात. जग कोणी पालथं घालून पाहिलं ते विचारू नये. दिसायला म्हणाल तर त्यात बघण्यासारखं फार नाही. करंगळीच्या नखाएवढा जीव. बसलं की पंख छपराच्या दोन पाख्यांसारखे दोन्ही अंगांना उतरते मिटून घेतं. रंग सुकलेल्या जायपत्रीचा, तपकिरीत चिमूटभर केशरी घातलेला, त्यामुळे जायपत्रीत बसलं की सापडत नाही. पंखांच्या कडेला राखाडी झालर. मिशा केसाहून बारीक, पाठीवर मागे वळवून ठेवलेल्या. मागचे पंख हळदीसारखे पिवळे असतात, पण ते उडतानाच दिसतात, आणि तेही दिसले म्हणेपर्यंत नाहीसे होतात. बाकी काय, तर पुढच्या प्रत्येक पंखावर एका ओळीत तीन काळे ठिपके, सुईच्या टोकाने काजळ लावावं तसे.

बेटावर त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. ते घरात शिरलं की दुसऱ्या दिवशी घरी कोणीतरी येणार. मग बायका पीठ थोडं जास्त घेतात, आणि कोणीच आलं नाही तर ते पीठ स्वतःच खातात आणि पाहुणा वाटेत अडकला असेल असं म्हणतात. तीन ठिपक्यांचा पाहुणा पायवाटेने येतो. ठिपके दोनच असले, तर तो कुठल्या वाटेने येतो, हे संध्याकाळचं कोणी बोलत नाही.

रुगायाने ठिपके मोजले नाहीत. पाखरू बघून तिला आनंदच झाला. पाहुणा! म्हणजे उद्या कोणीतरी येणार. कोण येणार, हे तिने मनातसुद्धा म्हटलं नाही. दृष्ट लागेल या भीतीने ती तशीच चुलीकडे गेली.

तेवढ्यात तांता हालिमा कालवणाचा वाडगा घेऊन आली. तांता म्हणजे तालिबची मावशी. त्याची आई तो लहान असतानाच गेली तेव्हा हिनेच त्याला वाढवलं, आणि लग्न झाल्यावर शेजारच्याच घरात राहून त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर लक्ष ठेवलं. जीभ तिखट, गुडघे दुखरे, नजर मात्र अजून घारीची.

“दोन घास खा. काल दिलेलं तसंच ठेवलंयस, मला दिसत नाही असं वाटतं का तुला? तू वाळून काडी झालीस तर तो आल्यावर माझ्याच नावाने...” तांताचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिची नजर कोपऱ्यात गेली होती.

“पाहुणा आलाय, तांता,” रुगाया म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी थोडं हसली.

तांताने वाडगा खाली ठेवला. ती कोपऱ्यापाशी गेली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली.

“काय झालं?”

“दिवा जवळ आणू नकोस.”

“पण झालं काय?”

“ठिपके मोजलेस?”

रुगायाने मग ते मोजले. खांबाच्या बाजूला असलेला पंख दिसत नव्हता. दिसणाऱ्या पंखावर एक ठिपका होता, त्याच्या शेजारी दुसरा होता. तिसऱ्याच्या जागी नुसती तपकिरी भुकटी. तिने पुन्हा मोजले. दोन मोजायला माणसाला कितीसा वेळ लागतो? पण ती मोजतच राहिली.

भिंतीवर पाल चुकचुकली. तांताने डोळे मिटले.

*

दुसरा दिवस गेला कसा, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पाखरू जागचं हललं नव्हतं. तांता सकाळपासून रुगायाच्याच घरात ठाण मांडून बसली आणि जायफळं फोडत राहिली. फोडलेल्या जायफळांचा गोडसर उग्र वास घरात इतका साचला की डोकं जड व्हावं. दुपारी ओम दुल्ला येऊन उंबऱ्यावर बसला. ओम म्हणजे काका. तसा तो साऱ्या गावाचाच काका होता. तोंडात दात नाही, घरात बायको नाही, आणि गावात एकही गोष्ट नाही जी त्याला आधी कळत नाही. आज मात्र त्याने थट्टा केली नाही. कोपऱ्याकडे बघितलं, टोपी काढली आणि परत घातली.

“किनाऱ्यावर अजून कोणी आलं नाही,” एवढंच तो म्हणाला. “मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसतो.”

“कशाला बसता?” तांता म्हणाली. “तुम्ही बसलात म्हणून काय समुद्र लाजणार आहे?”

“नाही लाजला तर नाही,” ओम दुल्ला म्हणाला आणि गेला.

ऊन उतरलं तेव्हा तांताने हात धुतले आणि रुगायाला समोर बसवलं.

“हे बघ पोरी. मला काही हे बोलायची हौस नाही. त्याला मी या हातांनी वाढवलाय. पण आज मगरिबनंतर दार लावायचं. उंबऱ्याबाहेर त्याच्या नावाने ताटली ठेवायची. आणि दारावर जो येईल त्याला आधी विचारायचं, मग उघडायचं.”

“तोच आला तर?”

“तोच येईल. तेच तर सांगतेय.” तांताचा आवाज चिरका झाला. “समुद्रात गेलेल्याला कळत नाही गं, आपण गेलोय ते. तो बापडा आपल्याच घरी येतो. बसतो, जेवतो, बोलतो. आणि परत निघतो तेव्हा एकटा निघत नाही. सालमाच्या घरात काय झालं ते तुला माहीत आहे. बुडालेल्या नवऱ्याचा आवाज ऐकून दार उघडलं तिने. सकाळी चूल तशीच पेटलेली, आणि घरात माणूस नाही.”

“विचारायचं काय?”

“जेवलास का, ते.”

इथे वाइरातूची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या बेटावर कोणी कोणाला नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. जेवलास? अजून नाही. जाळं विणून झालं? अजून नाही. ओम दुल्लाला आजही कोणी विचारलं, की लग्न झालं का, तर तो त्या बिनदातांच्या तोंडाने गंभीरपणे सांगतो, “अजून नाही.” म्हणजे होणारच नाही असं नाही, पुढचं काय ते वरच्याला ठाऊक. आणि भरल्या पोटीसुद्धा लोक ‘अजून नाही’ म्हणतात, म्हणजे विचारणाऱ्याचा मान राहतो. जित्या माणसाच्या तोंडात हा शब्द श्वासासारखा असतो. मेलेल्याला मात्र तो बोलता येत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. त्याचं ‘अजून’ संपलेलं असतं. तो म्हणतो, झालं.

रुगायाला हा शब्द आवडायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाजारात, धक्क्यावर, लग्नकार्यात, ओळखीची-बिनओळखीची कुठलीही बाई भेटली की तिचा पहिला प्रश्न तोच. मुलं किती? आणि रुगायाने हसून म्हणायचं, अजून नाही. घशात अडकलेल्या काट्यासारखा तिने तो शब्द वर्षानुवर्षं गिळला होता.

मगरिबची बांग झाली. तांताने ताटलीत सागोची भाकरी आणि माशाचा तुकडा ठेवला, ताटली बाहेरच्या पायरीवर ठेवली, दार लावलं आणि अडसर घातला. अडसर खोबणीत बसल्याचा आवाज रुगायाला एखाद्या कुऱ्हाडीच्या घावासारखा लागला.

मग दोघी दिव्याजवळ बसल्या. बाहेर वारा पडला होता. खडकांवर लाट फुटायची, मग खूप वेळ काही नाही, मग परत लाट. केनारीच्या झाडावरून एखादं फळ पत्र्यावर पडायचं, गडगडत खाली यायचं आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. पाखराने मिशा किंचित हलवल्यासारखं वाटलं. दिव्याची वात फडफडली असेल.

आणि मग पावलं आली.

ती किनाऱ्याच्या बाजूने येत होती. ओली पावलं. च्यप... च्यप... मधे थांबत होती, जणू वाट आठवत होती. कुंपणापाशी थांबली. अंगणात आली. पायरीवर ताटली खळ्ळकन सरकली.

“गाया...”

आवाज घोगरा होता. जाड्याभरड्या पिठासारखा, कोरडा. पण तिला ‘गाया’ म्हणणारा साऱ्या बेटावर एकच माणूस होता.

ती उठली. तांताने तिचं मनगट घट्ट धरलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नसतं.

“विचार,” तांता कुजबुजली. “आधी विचार.”

“कोण... कोण आहे?”

“कोण म्हणजे? मी. दार उघड.”

“आबांग...” नवऱ्याला ती अशीच हाक मारायची. “जेवलास?”

बाहेर कोणीतरी खोकलं. खूप वेळ खोकलं.

“जेवलो,” आवाज म्हणाला. “झालं जेवण.”

तांताच्या तोंडून बारीक हुंदका निघाला आणि ओठ दुवा पुटपुटायला लागले. रुगायाने खांब धरला. घरातला जायफळाचा वास एकाएकी तिला जनाज्याच्या अत्तरासारखा वाटला.

“आवाज त्याचाच आहे, तांता.”

“आवाज त्याचाच असतो गं,” तांता रडत होती, पण हात सोडत नव्हती. “आवाज थोडाच बुडतो? आता त्याला परत पाठव. ‘परत जा’ म्हण. तीनदा. बायकोच्याच तोंडून म्हणावं लागतं, माझं तो ऐकणार नाही. म्हण पोरी. त्याच्या भल्यासाठी म्हण. नाहीतर तो असाच फिरत राहील.”

“आणि तो जिता असला तर?”

मग काय होणार, ते दोघींनाही माहीत होतं. बायकोने तीनदा ‘परत जा’ म्हटलेल्या माणसाला गावात कोणी दार उघडत नाही. दुसऱ्या दिवशी मशिदीत त्याच्या नावाने दुवा होतो, त्याचे कपडे वाटून टाकतात, आणि तो समोर येऊन उभा राहिला तरी लोक त्याच्या अंगावरून पलीकडे बघतात. जित्या माणसालाही त्यानंतर मरण्यावाचून दुसरं काम उरत नाही.

दारावर थाप पडली. “अगं, झोपलात की काय? गाया!”

“परत जा,” रुगाया म्हणाली. शब्द तिच्या तोंडून निघाला, पण तिचा तिलाच ऐकू आला नाही.

“काय?”

“परत जा!”

मग तो आवाज, थकलेला, गोंधळलेला. “परत? कुठे परत जाऊ? आत्ता तर आलोय...”

तांताने डोळ्यांनी खुणावलं. आणखी एकदा. फक्त एकदा.

रुगायाने तोंड उघडलं. आणि तिच्या मनात आलं, की आयुष्यात आपण दोघांनी मिळून एकच गोष्ट कधी ‘झालं’ म्हटलेली नाही. लोक काहीही म्हणोत, हकीम काहीही म्हणो, तालिबने एकदाही ‘अजून नाही’शिवाय दुसरा शब्द उच्चारला नव्हता. तो मेला असेल, तर तोही शब्द मेला असेल. मग खुशाल त्याला परत पाठवता येईल.

ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली. धक्क्यावर भेटलेली परकी बाई विचारते तसं तिने विचारलं.

“मुलं किती तुम्हाला?”

तांताने दचकून तिच्याकडे पाहिलं.

बाहेर लाट फुटली. मग खूप वेळ काही नाही. परत लाट फुटली. रुगायाचे डोळे भरून आले, कारण आता उत्तर येणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

“अजून नाही,” दारापलीकडून हळूच आलं. मग थोडं थांबून, “अजून नाही गं, गाया. पण हे तू मला दारातून विचारतेस होय?”

तिने अडसर उचलला तेव्हा तांताने तिला अडवलं नाही.

*

दारात तालिब उभा होता. उन्हाने तोंड भाजलेलं, ओठ फुटलेले, दाढी मिठाने पांढरी. गुडघ्यापर्यंत ओला. आणि अंगाला असा वास येत होता, माशांचा, घामाचा, डिझेलचा, की रुगाया त्याच्या गळ्यात पडली आणि पडल्या-पडल्या शिंकली.

“मेलेल्याला डिझेलचा वास येत नाही,” तांता खांबाला धरून म्हणाली. तरीही खात्री करायला तिने पुढे होऊन त्याच्या दंडाला कचकचून चिमटा काढला.

“आई गं! तांता!”

“ओरडतोय,” तांता म्हणाली, आणि मटकन खाली बसून मोठ्याने रडायला लागली. लहान मुलीसारखी रडली. मग पदराने नाक पुसून तिने त्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. जेवलो म्हणतोस? जेवलो? माणसासारखं ‘अजून नाही’ म्हणायला तुझी जीभ झडली होती का?

“अगं, पण जेवलो होतो ना! खोटं कशाला बोलू?” तालिब खरंच बावरला होता. “इंजिन बंद पडलं. वाहत गेलो. आज सकाळी एका मालवाहू जहाजाने उचललं मला. भात दिला, तळलेला मासा दिला, परत भात दिला. त्यांनीच खडकांपाशी उतरवलं, तिथून पाण्यातून चालत आलो. पोट टम्म आहे, बघ. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. आणि ही मला परत जा म्हणते!”

इतक्यात ओम दुल्ला धापा टाकत आला. त्याने किनाऱ्यावरून कोणीतरी चालत जाताना पाहिलं होतं, पण हाक मारायचा धीर झाला नव्हता. आता मात्र त्याने तालिबला डोक्यापासून पायापर्यंत चाचपला आणि त्याचं बिनदाती तोंड कानापर्यंत पसरलं.

“तांता, मलापण विचारा ना दारातून. लग्न झालं का म्हणून.”

“तुम्हाला विचारायला मेलेली बाईसुद्धा यायची नाही,” तांता म्हणाली, आणि मग ती हसायला लागली, तशी रुगायाही हसली, आणि ते हसू कोणालाच आवरेना. भीती पोटातून निघून जाताना माणूस जसा हसतो, तसे ते हसत होते. ओम दुल्लाने पायरीवरची ताटली आत आणली आणि ‘आता ही वाया कशाला घालवायची’ म्हणत तिच्यातला मासा खाऊन टाकला.

हसणं ओसरल्यावर तांता दिवा घेऊन कोपऱ्यात गेली. तिला चैन पडत नव्हतं. कालपासून ज्याच्यापाशी दिवा न्यायला तिने मनाई केली होती, त्या पाखरापाशी तिने दिवा नेला. प्रकाश लागताच ते चुळबुळलं, खांबावर चार पावलं चढलं आणि वळलं. आता त्याचा दुसरा पंख समोर आला.

“एक,” तांताने मोजलं. “दोन.” ती थांबली. “तीन! अगं, या बाजूला तीन आहेत!”

सगळे बघायला धावले. खरंच तीन होते, एका ओळीत, काळेभोर. दुसऱ्या बाजूचा तिसरा ठिपका पुसला गेला होता, एवढंच. या पाखराच्या पंखांवरची भुकटी नुसत्या बोटानेही निघते, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि सूप उचलताना आपण त्याला बोटाने सारलं होतं, ते रुगायाला आठवलं.

“म्हणजे तूच त्याचा ठिपका पुसलास,” तांता म्हणाली, “आणि मी म्हातारी कालपासून मरणाचं पीठ दळतेय!”

तीन ठिपक्यांचा पाहुणा. पायवाटेने येणारा. सगळं जागच्या जागी बसलं. ओम दुल्लाने दार उघडून दिलं, पाखराने दिव्याभोवती एक फेरी मारली, त्याचे पिवळे पंख क्षणभर दिसले, आणि ते अंधारात नाहीसं झालं. तांता आणि ओम दुल्ला भांडत-भांडत आपापल्या घरी गेले. रुगायाने दार लावलं. अडसर घातला नाही, नुसतं लोटून घेतलं. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि घर पुन्हा आपलं घर वाटत होतं.

पोट टम्म असूनही तालिबने पापेडा मागितला. सागोची ती चिकट पेज दोन काड्यांवर गुंडाळून त्याने पिवळ्या कालवणात बुडवली आणि डोळे मिटून घोट घेतला.

“जहाजावरचा भात भात होता,” तो म्हणाला. “जेवण हे.”

ती त्याच्याकडे बघत बसली. त्याच्या हातावरचे फोड, फुटलेले ओठ, सगळं तिला डोळ्यांनी पुन्हापुन्हा चाचपून घ्यायचं होतं.

“एकट्याने कसे काढलेस रे दिवस?”

“एकटा कुठे होतो? तू होतीस की.” तो चटईवर आडवा झाला. “रोज तिन्हीसांजेला तुझा आवाज यायचा. होडीच्या मागच्या बाजूने, अगदी जवळून. ‘झालं का, आबांग?’ म्हणायचीस. काय झालं का, ते मला कळायचं नाही. डोकं ठिकाणावर कुठे होतं! पण आपल्याकडे असं कोणी विचारलं की काय म्हणायचं, ते तोंडातच बसलेलं असतं ना? मी म्हणायचो, अजून नाही. मग तू गप्प व्हायचीस. त्याच्यावर तगलो, खरंच सांगतो.”

रुगायाचा हात त्याच्या केसांत होता, तो तिथेच थांबला. त्या दिवसांत तिने त्याला कधी हाक मारली नव्हती. अंधार पडल्यावर समुद्रातल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिने ओठसुद्धा हलवले नव्हते.

“आणि काल?” तिने विचारलं.

“काल तू कंटाळलीस,” तालिब हसला. त्याचे डोळे मिटत आले होते. “म्हणालीस, ‘बरं, होऊ दे तुझं सावकाश. मी घरी जाऊन बसते.’”

बाहेर लाट फुटली. रुगायाने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. त्याला काही सांगण्यात अर्थ नव्हता. तो घरी आला होता, जिता होता, उबदार होता, आणि तिला आज दुसरं काहीच नको होतं.

“हो,” ती म्हणाली. “कंटाळले होते मी.”

मग ती उठली. दार नीट लावून तिने अडसर घातला. ताटल्या उचलून चुलीपाशी गेली, दाराकडे पाठ करून बसली आणि राखेने त्या घासायला लागली. हाताला काम असलं की बरं असतं. गार पाणी, राखेचा खरखरीतपणा, दिव्याचा पिवळा उजेड. एवढे दिवस पाण्यात काढलेल्या माणसाला काहीबाही ऐकू येणारच, असं तिने स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही.

“झालं का, गाया?” मागून तालिबचा आवाज आला.

“अजून नाही,” हात न थांबवता ती म्हणाली. शेवटची ताटली विसळून तिने पालथी घातली, ओले हात पुसले आणि हसत मागे वळली.

तालिब केव्हाचा झोपला होता. तोंड उघडं होतं, आणि त्याचं घोरणं एका लयीत चाललं होतं.